हाळीची जागा

शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, उरुसाच्या मैदानावर, बायकांच्या पथकातली एक बंदूक हाळीच्या आधी उडाली.

शेजारचा घोडा बिचकून आडवा सरला. त्याच्यावर महजूबा रिकिबीत उभी होती. दोन्ही हात बंदुकीवर, लगाम मानेवर सोडलेला. ती आधी खांद्यावर आपटली, मग डोक्यावर. बाकीच्या बंदुका मागाहून उडाल्या, कढईत फुटाणे फुटावेत तशा. धूर खाली बसला तेव्हा रांगेतला एक घोडा मोकळाच धावत होता.

रांगेच्या मधोमध शामा होती, पथकाची मुकादमीण. घोडे चालवायचे प्रत्येकीने आपापले, पण बंदुका वर कधी घ्यायच्या आणि चाप कधी ओढायचा हे तिने ओरडून सांगायचं, तीच हाळी. सगळ्या बंदुकांचा मिळून एकच बार झाला पाहिजे. बंदुकांत गोळी नसते, नुसती ठासलेली दारू असते. तरीही भरधाव घोड्यांच्या रांगेत एक बार चुकीच्या क्षणी उडाला तर काय होतं हे दुक्काला मुलखात सगळ्यांना ठाऊक आहे. बार एकसंध न होता फुटला, तर बंदूक कुणाचीही असो, दोष हाळी देणाऱ्याचा. यावर तिकडे कुणी वाद घालत नाही.

शामानेही घातला नसता. पहिल्या हाळीला बंदुका वर जातात, दुसरीला उडतात. दुसऱ्या हाळीची जागा मैदानावर आखलेली नसते. ती घोड्यांच्या चालीत असते. आधी टापांचा नुसता गदारोळ असतो, मग एका क्षणी सगळ्या टापांचा मिळून ठेका लागतो. हाळी तिथे द्यायची. आधी दिली तर मागे पडलेल्या घोड्यांवरच्या बायका तयार नसतात. नंतर दिली तर वर धरलेल्या बंदुकीने हात भरून येतात आणि बोटं स्वतःच्या मनाने वागू लागतात. शनिवारी ठेका लागला तो तिने ऐकला होता. तरी ती थांबली. एक श्वास आणखी धरला, खात्री करायला. त्या श्वासात महजूबाच्या शेजारच्या तामूचं बोट चापावर वळलं.

मग शामाने जे केलं ते तिच्या घरच्या रिवाजाप्रमाणे केलं. तिचा बाप हज्ज बुश्ता तरुणपणापासून पुरुषांच्या पथकाचा मुकादम. बार फुटला की तो घोड्यावरून उतरायचा, फेटा सोडून खांद्यावर टाकायचा, आणि घोडा हातात धरून, मान खाली घालून, सगळ्या लोकांसमोरून मैदानाची लांबी पायी चालत जायचा. लोक म्हणायचे, बार फुटावा पण बुश्ताला चालताना बघावं. शामा उतरली. फेटा सोडला. आपल्या घोड्याचा, मर्जानचा, लगाम हातात घेतला आणि चालू लागली. दोन्ही बाजूंच्या कनातींमधली माणसं उठून उभी राहिली. तिला ती दिसली नाहीत. तिला आपल्या बुटांची टोकं दिसत होती आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मारलंस तिला.

महजूबा मेली नव्हती. रुग्णवाहिकेने तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं.

तंबूत हज्ज बुश्ता पुदिन्याचा चहा घेत बसला होता. घशाच्या दुखण्याने त्याचा आवाज गेल्या काही वर्षांत घोगरा झाला होता. हाळीचं काम पोरीकडे देण्यामागे तेही एक कारण होतं, दुसरं म्हणजे त्याला मुलगा नव्हता. शामा आत आली तेव्हा त्याने तिच्यासाठी जागा केली.

"चाललीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "लोक उभे राहिले."

तिने महजूबाबद्दल विचारलं. ते त्याला नीटसं माहीत नव्हतं. इस्पितळात कुणीतरी गेलंय, तो म्हणाला. आता तू उद्याचं बघ. त्याचा सल्ला नवा नव्हता. आज जेवायचं नाही. गादीवर झोपायचं नाही. झालेली चूक जिभेखाली मिठाच्या खड्यासारखी धरून ठेवायची, उद्याचा बार एकसंध होईपर्यंत. तो स्वतः तसंच करायचा. माणूस स्वतःला सोडायला लागला की पथक सुटतं, असं तो म्हणाला, आणि साखरेचा खडा पेल्यात टाकला.

शामाला हे शिकवायची गरज नव्हती. वसंतातल्या निवड फेरीत तिने हाळी किंचित लवकर दिली होती. बार थोडा विस्कटला, पथक कसंबसं निवडलं गेलं. बापाने तेव्हा सगळ्या पथकासमोर दोनच शब्द वापरले: घाईची जीभ. बाकीचं काम तिने स्वतः केलं. कणीक मळताना, घोड्याला ओली वैरण टाकताना, धाकट्या बहिणीच्या केसांना तेल लावताना ती स्वतःला तेच ऐकवत राहिली. घाईची जीभ. बापाच्या नावाला बट्टा. तुझ्या जागी दुसरी कुणीही बरी. हे ती महिनोन्‌महिने करत होती आणि याला ती तयारी समजत होती. शनिवारी दुसऱ्या हाळीच्या वेळी ती जीभ दातांखाली दाबून थांबली, ती या तयारीमुळे.

चहाचे पेले उचलले जात असताना स्पर्धेच्या पंचांकडून सी लर्बी आला. सभ्य माणूस, हातात जपमाळ, बोलण्याआधी दोनदा खाकरणारा. पथक उद्या धावणार की नाही हे दुपारच्या नमाजापर्यंत कळवा, त्याने सांगितलं. न धावल्यास पुढच्या वर्षीची जागा वाट बघत असलेल्या पथकाला जाईल, नियमच तसा आहे. मग तो जरा घुटमळला, आणि बायकांना मानाने म्हणतात तसं तिला लल्ला म्हणाला.

"मी नाही म्हणत, लल्ला शामा. लोक म्हणतात. बायकांच्या हातात दारू द्यावी का, असं."

"लोकांना सांगा, दारू आम्ही पीत नाही, ठासतो," तंबूच्या दारातून तामू म्हणाली. तिच्या झग्यावर रक्त होतं. ते वाळून काळं पडलं होतं.

सी लर्बी हसला नाही. तामूही हसली नाही. तिने कोपऱ्यातली महजूबाची शाल आणि चपला उचलल्या, आणि शामाकडे न बघता विचारलं की ती इस्पितळात येणार आहे की इथेच उपास करणार आहे.

दोघी तामूच्या भावाच्या गाडीतून गेल्या. गाडीत मागे पेंढ्या होत्या.

सूर्य मावळता मावळता त्या पोचल्या. महजूबाची आई रहमा वऱ्हांड्यातल्या बाकावर बसली होती, पदराखाली हात घेऊन, जणू कुणीतरी तिला गप्प बसायची शिक्षा दिली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की खांद्याचं हाड मोडलंय, ते जुळेल. डोक्याला आतून सूज आहे, तिचं उद्यापर्यंत कळेल किंवा कळणार नाही. पोर शुद्धीवर नाही.

शामा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि बोलू लागली. गाडीत तिने हे सगळं मनात लावून ठेवलं होतं. चूक माझी. हाळी माझी. माझी मुकादमीण व्हायची लायकी नव्हती, मी बापाच्या जागेवर बसले. तुम्ही मला काहीही बोला, मारा, मी मान वर करणार नाही. ती बोलत राहिली आणि रहमा ऐकत राहिली. एक परिचारिका जाता जाता थबकली आणि पुढे गेली.

"झालं तुझं?" रहमाने विचारलं.

रहमाने पदराखालून फोन काढला. तिच्या धाकट्या मुलाला कुणीतरी दुपारची चित्रफीत पाठवली होती, त्याने ती आईला. ती हजारो लोकांनी पाहिली होती. शामा चालत होती, फेटा खांद्यावर, मर्जान मागून मान हलवत. मागे टाळ्या. खाली कुणी लिहिलं होतं: मुकादमीण असावी तर अशी.

"तू बघ," रहमा म्हणाली. "मग मी कुठे बघतेय ते दाखवते."

शामाने बघितलं. मग रहमाचं बोट पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर टेकलं. तिथे, लांबवर, धुळीत एक झगा पसरलेला होता. तामू गुडघ्यांवर बसली होती, महजूबाचं डोकं मांडीवर घेऊन. तिचा एक हात हवेत होता. ती फाटकाकडे बघून हात हलवत होती, जोरजोरात, एखादी बुडणारी बाई हलवते तसा. फाटकात रुग्णवाहिका उभी होती. तिचा चालक दाराला टेकून बाहेर उभा होता, आणि त्याची मान शामाच्या चालण्याबरोबर हळूहळू वळत होती.

"तो तुझ्याकडे बघतोय," रहमा म्हणाली. "सगळं मैदान तुझ्याकडे बघतंय. तू शिक्षा भोगत होतीस. चांगली दिसत होतीस. तेवढा वेळ माझी पोर कुणाची होती, पोरी?"

शामाने तोंड उघडलं.

"माफी मागू नकोस. तू माफी मागत बसलीस की तुझे डोळे मला पुसावे लागतात. आज माझ्यात तेवढी ताकद नाही."

तामू भिंतीला टेकून उभी होती. तिने शाल रहमाच्या खांद्यावर टाकली आणि चपला बाकाखाली सारल्या. शामा निघाली तेव्हा रहमाने तिला थांबवलं नाही, पण पाठीमागून म्हणाली, आवाज न चढवता, की पथकातल्या त्या बाकीच्याही कुणाच्या तरी पोरी आहेत. उद्या हाळी देणार असशील तर नीट दे. नाही तर देऊ नकोस.

परतीच्या वाटेवर शामाने ती चित्रफीत स्वतःच्या फोनवर शोधली आणि पुन्हा पाहिली. पहिल्यांदा तिची नजर आपसूक स्वतःवर गेली. तिने परत लावली. दुसऱ्यांदाही स्वतःवरच गेली. तिसऱ्यांदा तिने अंगठ्याने स्वतःला झाकलं.

रविवारी सकाळी पथकाने घोडे मोकळे करायला मैदानामागच्या कापलेल्या शेतात नेले. दारू नाही, फेटे नाहीत, नुसती चाल. मर्जान ऐकत नव्हता. एरवी तो शामाच्या खाली पाटासारखा स्थिर असायचा. त्या दिवशी मान झटकत होता, तोंडातलं लोखंड चावत होता, आणि त्याचा एक कान सतत मागे, तिच्याकडे वळलेला होता. शामाला कारण कळत होतं. तिचे गुडघे त्याच्या बरगड्यांवर चिमट्यासारखे आवळले होते. रात्री तिला झोप लागली नव्हती आणि पोटात काही नव्हतं. गुडघे सैल कर, ती स्वतःला म्हणत होती, गाढवे, सैल कर, एवढंही जमत नाही का. जितकं म्हणत होती तितके ते आवळत होते.

नांगराच्या एका जुन्या तासात मर्जानचा पुढचा पाय गेला. तो गुडघ्यावर आला, सावरला, चार पावलं लटपटला. शामाचा तळवा त्याच्या मानेवर गेला.

"काही नाही," ती म्हणाली. "काही नाही, राजा. चल."

घोड्याने श्वास सोडला.

तामू आपल्या घोड्यावर तिच्या शेजारून चालली होती. सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती आणि टरफलं थुंकत होती.

"त्याला का नाही म्हणालीस, घाईचा पाय म्हणून?" तिने विचारलं.

शामाला वाटलं ती टोमणा मारते आहे. ती होतीच मारत. तरीही शामाने उत्तर दिलं, कारण हे लहानपणापासून पाठ असलेलं होतं, बापानेच शिकवलेलं. अडखळलेल्या घोड्यावर ओरडायचं नाही. ओरडलं की पुढच्या वेळी तो जमिनीकडे बघत नाही, स्वाराकडे बघतो, आता काय म्हणेल म्हणून. आणि पुन्हा अडखळतो.

"हं," तामू म्हणाली. एक टरफल तिच्या ओठाला चिकटलं होतं. "आणि काल तू कुणाकडे बघत होतीस? ठेका लागला तेव्हा?"

शामाने लगाम ओढला. मर्जान थांबला. तामूचा घोडा दोन पावलं पुढे गेला आणि तिने त्याला वळवून आणलं.

"तुला ऐकू आला होता ठेका," शामा म्हणाली.

"सगळ्यांना आला होता. आम्हाला काय टापा ऐकू येत नाहीत? आम्ही वाट बघत होतो, बाई आता ओरडेल, आता ओरडेल. माझा हात भरून आला. बोट माझं होतं, ते मी कुणावर ढकलत नाही. हाळी तुझी लांबली. दोन्ही खरं आहे." तिने हात झग्याला पुसला. "रात्री मीही शिव्या घातल्या स्वतःला. घातल्या आणि झोपले. पहाटे उठून तुझ्या घोड्याला पाणी कुणी पाजलं? तू तर तंबूच्या मागे बसून स्वतःचा खून करत होतीस."

शामा हसली नाही, पण काहीतरी सैल झालं. मर्जानचा मागे वळलेला कान फिरला आणि पुढे गेला. तामूलाही ते दिसलं.

तंबूत परतल्यावर शामा सगळ्यांबरोबर पाट मांडून बसली आणि जेवली. लोणी लावलेली पदर सुटणारी पोळी, मध, चहा. एकदोघींनी एकमेकींकडे बघितलं. पथकाला माहीत होतं की बार फुटल्यावर बुश्ताच्या घरात जेवत नाहीत. तिने दुसरी पोळी घेतली. तोंडात घास फिरत होता, तिने तो गिळला.

मग ती बोलली. उभी राहिली नाही. काल काय झालं ते तिने क्रमाने सांगितलं, एखादी वाट सांगावी तसं. ठेका लागला होता. मी ऐकला होता. थांबले, कारण वसंतात लवकर ओरडले होते आणि तेव्हापासून रोज त्यावरून स्वतःला झोडत होते. ठेका सोडून मी स्वतःवर पहारा देत होते. त्यानंतर महजूबा पडलेली असताना मी मैदानात चालत होते, तिच्यापासून दूर. ते मी पुन्हा करणार नाही. आज हाळी ठेक्यावर येईल. बार एकसंध होईल किंवा फुटेल. फुटला तर मी उतरणार नाही, चालणार नाही, आधी कोण पडलंय ते बघेन. ज्यांना माझ्या हाळीवर बंदूक उचलायची नसेल त्यांनी आत्ताच सांगावं. त्यात राग नाही.

मग डाव्या टोकाची हन्या उठली आणि तिने कंबरेचा पट्टा सोडला. तिची लेकरं लहान होती, तिच्या नवऱ्याने रात्री फोन केला होता. शामाने तिला अडवलं नाही. पट्टा घेतला, घडी करून पेटीवर ठेवला, आणि हन्याला विचारलं की ती घोड्यांबरोबर थांबेल का. हन्या म्हणाली थांबेन, आणि रडू लागली. तामूने तिच्यापुढे मधाची वाटी सरकवली.

बाकीच्या बसून राहिल्या.

"लोक काय म्हणतील, चालली नाही तर?" कुणीतरी विचारलं.

"लोकांना आवडत असेल तर त्यांनी चालावं," तामू म्हणाली. "मैदान मोठं आहे."

हज्ज बुश्ता दारात उभा होता. किती वेळ उभा होता हे कुणाला सांगता आलं नसतं. त्याने काठी आत टेकली पण पाऊल आत टाकलं नाही.

"चालणार नाहीस," तो त्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मग लोकांना कसं कळायचं की तुला लाज आहे?"

शामाने खाली बसल्याबसल्याच वर बघितलं. हा माणूस तिला पहिल्यांदा घोड्यावर बसवणारा होता. त्याचा हात तिच्या पाठीवर किती हलका असायचा हे तिला आठवलं, आणि तेव्हाही तो घोड्याशीच बोलायचा.

"बा, चालायला मला येतं," ती म्हणाली. "काल तेवढंच आलं."

तो वळून गेला. दुपारच्या नमाजाआधी तिने सी लर्बीला निरोप पाठवला की पथक धावणार आहे, दोन घोडे कमी.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर त्यांना मैदानावर बोलावलं. शनिवारपेक्षा गर्दी जास्त होती. चित्रफीत सगळीकडे पोचली होती, आणि लोकांचे फोन आधीच वर होते. शामाला ठाऊक होतं की ते कशाची वाट बघताहेत. पुढच्या कनातीत दोरीशी हज्ज बुश्ता उभा होता, पांढऱ्या झग्यात, काठीवर दोन्ही हात ठेवून.

रांग लागली. जिथे महजूबा असायची तिथे त्यांनी अंतर मिटवलं नाही, हन्याच्या जागीही नाही. रांग दात पडल्यासारखी दिसत होती. सलामी झाली. पथक वळून टोकाला गेलं, पुन्हा वळलं. शामाने घसा साफ केला आणि निघायची हाक दिली. घोडे निघाले.

चाल, मग दुडकी, मग सुटले. बायका रिकिबीत उभ्या राहिल्या. शामाची पहिली हाळी गेली आणि बंदुका वर गेल्या.

आणि डोक्यातला तो आवाज आला. तो कधीच उशीर करत नसे. लवकर ओरडशील. उशिरा ओरडशील. कालचीच तू. उजवीकडे रिकामी जागा आहे बघ. तिचे गुडघे आवळले. मर्जानचा कान मागे वळला, तिच्याकडे, आणि ती पाहत असतानाच त्याची चाल अर्ध्या टापेने तुटली. तिच्या दोन्ही बाजूंचे घोडे त्याच्या चालीवर होते. ती तूट तिने रांगेत पसरताना ऐकली. टापा विस्कटल्या.

तिचे हात बंदुकीवर होते, तळवा मानेवर ठेवता येत नव्हता. तिने नुसते शब्द म्हटले. काही नाही, ती म्हणाली. काही नाही. चल. ती हे घोड्याला म्हणाली की स्वतःला, हे तिला तेव्हाही नक्की नव्हतं. गुडघे सुटले. तो आवाज थांबला नाही, बोलतच होता, पण तिने त्याला उत्तर दिलं नाही, त्याच्याशी भांडलीही नाही, टापा ऐकल्या. गदारोळ. गदारोळ. मग डाव्या टोकापासून जुळत जुळत ठेका लागला.

तिने हाळी दिली.

बार झाला. आणि त्याच्या शेपटाला, एका पापणीच्या अंतराने, आणखी एक बंदूक उडाली. उजवीकडची.

घोडे खेचले गेले, मातीत खुरांचे चर पडले, धुराने सगळं झाकलं. शामा धुरात उजवीकडे बघत होती, मग डावीकडे. फेटे वर येत गेले, एकेक करून. कुणी वाकलेलं होतं. ते सरळ झालं. एकही खोगीर रिकामं नव्हतं. तिने पुन्हा एकदा, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

धूर विरला आणि तिला जाणवलं की मैदान गप्प आहे. टाळ्या नव्हत्या. सगळे वाट बघत होते. शेकडो फोन तिच्यावर रोखलेले होते. दोरीशी तिचा बाप एक पाऊल पुढे आला होता आणि त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली होती, चालणाऱ्याला जागा करून द्यावी तशी.

तिचा उजवा पाय रिकिबीतून बाहेर आला होता. कधी आला हे तिला कळलं नव्हतं. हात फेट्याच्या टोकावर होता. तिने पायाकडे बघितलं, जसं दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं. त्याची चीड आली नाही. तिने तो परत रिकिबीत घातला आणि मर्जानला उजवीकडे वळवलं.

तामू पांढरीफटक पडली होती. तिची बंदूक मांडीवर आडवी होती.

"थांबले," ती म्हणाली. "हाळी ऐकली. तरी थांबले, खात्री करायला."

"कळलं," शामा म्हणाली. "मला माहीत आहे ते कसं होतं. हात दुखावला का?"

तामूने नाही अशी मान हलवली. शामाने हात लांब करून तिच्या घोड्याच्या मानेवर दोन थापा दिल्या आणि घोडा तामूच्या घोड्याला लावून उभा केला, तिने बंदूक मांडीवरून उचलून खांद्याला लावेपर्यंत. गर्दीतून कुणी शिट्टी मारली. कुणी ओरडलं की उतर, बुश्ताच्या पोरी, उतर. शामाने रांग सरळ करून घेतली, पंचांपुढे नेली, रिवाजाची सलामी दिली, आणि सगळ्याजणी घोड्यांवर बसूनच मैदानाबाहेर आल्या. रिकाम्या जागा तशाच ठेवून.

दोरीपाशी तिने बापाकडे बघितलं. तो तिथे नव्हता.

सूर्य मावळला तोपर्यंत निकाल लागलेला नव्हता. सी लर्बीने सांगितलं की पंचांत एकमत नाही. दोघे म्हणतात शेवटची बंदूक चूक म्हणून धरायचीच, एक म्हणतो की धरू नये, आणि बाकीचे चहा पिताहेत. न उतरण्याबद्दल नियमात काहीच नाही, त्याने स्वतःहून सांगितलं, पण बोलणं त्यावरच चाललंय. हज्ज बुश्ताची काठी आणि बसायचं कातडं तंबूत नव्हतं. हन्याने त्याला गावच्या रस्त्याने एकटा जाताना पाहिलं होतं, पायी.

रहमाचा फोन आला तेव्हा शामा मर्जानचं खोगीर उतरवत होती. महजूबाने दुपारी डोळे उघडले होते. पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आईला ओळखलं की नाही ते समजलं नाही, आणि पुन्हा डोळे मिटले. डॉक्टर बघून गेले. त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही.

येऊ का, असं शामाने विचारलं. रहमा म्हणाली, येताना काहीतरी गरम आण, इथलं सूप पाण्यासारखं आहे.

तामूने गाडी चालू करून ठेवली होती. शामाने गरम सुपाचं, हरीऱ्याचं, भांडं फडक्यात बांधलं, मांडीवर घेतलं, आणि दार ओढून घेतलं.